चुन्याच्या टाकीजवळचा हात

माझा हात चांगला आहे, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की माझं डोकं थोडं फिरलंच होतं. तुमसरजवळच्या आमच्या गावात लग्नघराच्या भिंतीवर हत्ती-घोडे काढायचे असले की मला बोलावणं यायचं. शाळेच्या भिंतीवर नकाशा काढायचा तर गुरुजी मलाच स्टुलावर चढवायचे. त्यामुळं भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहायला लागला आणि आमच्या भागातले निम्मे लोक कुदळ-फावडी घेऊन गाडीत बसले, तेव्हा मी तीन ब्रश आणि रंगाचे दोन डबे फडक्यात बांधून बसलो. फावडं मारायला मी जन्मलो नाही, असं मी बायकोला गाडीतच सांगून टाकलं. ती म्हणाली, पाहू.

कॅम्प वन नावाच्या मजूरवस्तीत आम्हाला टिनाची खोली मिळाली. उन्हाळ्यात आत पापड भाजून निघेल अशी. काम मिळालं ते एका ठेकेदाराकडं, जो मजुरांची आणि बाबूंची क्वार्टरं बांधत होता. माझं काम म्हणजे दारांवर नंबर टाकणं, ट्रकच्या फळीवर ठेकेदाराचं नाव लिहिणं, गोदामावर ‘बिडी पिऊ नका’ लिहिणं. लिहिलेलं वाचणारे शंभरात दहाही नव्हते, पण अक्षर असं वळणदार काढायचो की न वाचणाराही थांबून पाहत असे. मला त्याचा फार गर्व होता. आता कबूल करतो.

ठेकेदार स्वतः रायपूरला राहायचा. साइटवर सगळं चालायचं ते त्याच्या मॅनेजरच्या मर्जीनं. हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं वाचताना तुम्ही त्याला राक्षस कराल. मी आलो त्याच आठवड्यात माझं काम पाहून त्यानं सांगितलं होतं, की कारखान्यात पेंटरची पक्की जागा निघणार आहे, तुझा अर्ज मी स्वतः शिफारस करून पुढं पाठवीन. पक्की जागा म्हणजे काय, हे ज्यानं रोज सकाळी ‘आज काम आहे का नाही’ म्हणत मुकादमाचं तोंड पाहिलं आहे त्यालाच कळेल. बायकोला तेव्हा चौथा महिना होता. त्या जागेच्या आशेवर आम्ही दोघं अक्षरशः जगत होतो.

क्वार्टरांच्या मागं चुना विझवायची टाकी होती. टाकी म्हणजे काय, जमिनीत खणलेला विटांचा मोठा हौद. त्यात कळीच्या चुन्याचे खडे टाकून पाणी सोडायचं, ते रटारटा उकळायचं, मग दिवसच्या दिवस तसंच ठेवायचं. वरून साय धरायची, त्यावर धूळ बसायची, आणि नवख्या माणसाला वाटायचं की ही पांढरी सारवलेली जमीनच आहे. खाली मात्र कातडी सोलून काढणारा चुना. एकदा एक शेळी त्यात गेली, तेव्हा मॅनेजर माझ्याकडं आला आणि म्हणाला, इथं धोक्याचा बोर्ड लाव, आणि असा काढ की अडाण्यालाही समजला पाहिजे. सोबत त्यानं एक पुस्तक दिलं, कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांच्या ऑफिसातून कुणी आणलेलं. त्यात अपघात टाळायची चित्रं होती. एका पानावर लाल रंगाचा उघडा पंजा होता, समोर धरलेला. थांब, पुढं येऊ नको, असा त्याचा अर्थ.

मला तो पंजा आवडला, पण फार सपाट वाटला. त्या लोकांना यंत्रं येतात, चित्रं येत नाहीत, असं मी मनात म्हटलं आणि सुधारायला बसलो. बोटं थोडी निमुळती केली, बोटांची पेरं दाखवली. पांढऱ्या जमिनीवर गेरूसारखा गडद लाल रंग दिला. तळवा तरीही रिकामा दिसत होता, म्हणून मधोमध एक पिवळा ठिपका ठेवला. खाली हिंदीत ‘सावधान’. बोर्ड टाकीच्या काठाशी खांबावर ठोकला आणि चार पावलं मागं येऊन पाहिलं, तर असा उठून दिसत होता की माझाच जीव खुश झाला. वरून तट्ट्याचं छप्परही घातलं, रंग उडू नये म्हणून.

आमच्याकडं काम करणाऱ्या रेजा, म्हणजे डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाया, बहुतेक आसपासच्या छत्तीसगढी गावांतल्या होत्या. आठवडाभरात मी पाहिलं की त्या जाता-येता माझ्या बोर्डाशी थबकतात. एक जण तर पदर डोक्यावर घेऊन उभी राहायची. एका सकाळी बोर्डाखाली झेंडूचं फूल ठेवलेलं दिसलं, आणि पिवळ्या ठिपक्यावर कुणीतरी शेंदराचा टिळा लावलेला. अरे बाप्पा, मला काय वाटलं असेल! मला वाटलं, ही माझ्या कलेची किंमत. संध्याकाळी बायकोला ऐकवलं की लोक माझ्या चित्राला फूल वाहून राहिले. एवढं पाहूनही, ज्या ठिकाणापासून माणसानं लांब पळायला पाहिजे तिथं माणसं जवळ कावून येऊन राहिलीत, हा प्रश्न माझ्या फुटक्या डोक्यात आला नाही.

दिवाळी झाल्यावर आठ-दहा दिवसांत ते झालं. कुम्हारीकडच्या एका गावातली रेजा होती, पंचविशीची, नवरा वारलेला, कॅम्पजवळ झोपडी करून सासूसोबत राहणारी. त्या तट्ट्याच्या सावलीत ती आपल्या बासीचं, म्हणजे रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेल्या जेवणाचं, मडकं ठेवायची. त्या सकाळी मडकं ठेवून ती बोर्डाच्या पाया पडायला वाकली, काठाची ओली वीट सरकली, आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत चुन्यात गेला. मी दोनशे पावलांवर दाराला नंबर टाकत होतो. तिची किंकाळी अजून आठवते. आम्ही धावलो, तिला ओढून काढलं, बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. कुणीतरी ट्रक आणला आणि तिला दवाखान्यात नेलं. माझ्या पायजम्यावर चुना उडाला होता, तिथं मांडीला दुसऱ्या दिवशी फोड आले, तेवढ्यावरून मी तिच्या पायाचा अंदाज केला.

दुपारी मॅनेजरनं मला ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं. त्यानं सांगितलं, उद्या दहा वाजता कारखान्याचे इंजिनियर साहेब चौकशीला येणार आहेत. टाकीजवळ धोक्याचा बोर्ड होता की नव्हता, एवढाच प्रश्न आहे. होता, तर चूक बाईची. बोर्ड असून ती गेली, तिला कामावरून काढून गावी पाठवू, विषय संपला. पण तुझा हा फुलं वाहिलेला हात साहेबांनी पाहिला तर म्हणतील, ही कसली सूचना? तेव्हा आजच्या आज कवटी आणि दोन हाडं असलेला नवा बोर्ड काढ. पण नवा दिसता कामा नये. दिवाळीआधीपासून ऊन-पाऊस खाल्लेला दिसला पाहिजे. तुझ्याएवढा कसबी माणूस इथं दुसरा नाही. आणि उठता उठता म्हणाला, तुझा अर्ज कालच काढून वर ठेवला आहे, साहेब आले की त्यांच्याच हातात देतो.

आता इथंच भिलाईत, नेहरू नगरात, माझी नात संगणकावर डब्यांची वेष्टनं आणि जाहिराती काढते. परवा तिनं मला मोठ्या रागानं सांगितलं की एका गिऱ्हाइकाला बिस्किटाच्या पुड्यावर बदाम हवेत, आत बदामाचा वास नाही. मग हिंदीत म्हणाली, दादाजी, ये एथिक्स की बात है. कवटीच्या बोर्डाच्या वेळी मला तो शब्द माहीत नव्हता. शब्द माहीत नसला तरी असं काम करू नये हे माहीत होतं. पण खरं सांगू, त्या दुपारी ते आठवलंही नाही. मला एवढंच ऐकू आलं, की माझ्याएवढा कसबी माणूस दुसरा नाही.

मी पत्रा घरी नेला आणि कामाला लागलो. कवटी काढायला अर्धा तास लागला. खरी मेहनत तिला म्हातारी करण्यात होती. विटेची भुकटी रॉकेलच्या बोळ्यानं चोळली. चहाचं उरलेलं पाणी वरून खाली ओघळू दिलं. गंजलेले खिळे भिजवून त्यांचं पाणी भोकांच्या कडेला सोडलं. एका कोपऱ्यात रंग नखानं खरवडला, त्यावर चिमणीची काजळी बोटानं पुसली. सूर्य मावळायच्या आत तो बोर्ड असा झाला की शपथेवर सांगतो, मलाच वाटायला लागलं की हा दोन पावसाळे तिथं उभा होता. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं. भिंतीला टेकवून ठेवला आणि बायकोला हाक मारली, बघ म्हणून.

ती हात पुसत आली. खरवडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

“हा कधी लावला होता जी?”

“लावला नाही. आज काढला. उद्या लागन.”

“मंग जुना कावून दिसून राहिला?”

मी म्हटलं, तुले काय समजते त्यातलं, आणि ब्रश धुवायला बसलो. ती वाद घालत बसणारी बाई नव्हती. वाद घातला असता तर बरं झालं असतं, मी तिला चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. तिनं फक्त भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि म्हणाली, त्या बाईले पाहून तरी या. तुमच्या बोर्डापाशीच पडली ना?

मी चिडून निघालो. दवाखाना चालत वीस मिनिटांवर, आणि अख्खा रस्ता मी बायकोच्या नावानं पुटपुटत होतो. बायांच्या खोलीत ती शेवटच्या खाटेवर होती. पाय कापसात आणि पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेला. सासू खाली जमिनीवर बसून होती. मी कोण ते सांगितलं, तो हात मी काढला होता, असं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. त्या झेलायची तयारी करून गेलो होतो. पण तिनं दोन्ही कोपरांवर जोर देऊन उठून बसायचा प्रयत्न केला आणि हात जोडले.

“मोर ले का गलती होगे भैया? मैं तो रोज पांव परत रहेंव।”

माझ्याकडून काय चुकलं भाऊ, मी तर रोज पाया पडत होते. एवढंच. मग सासूनं सांगितलं ते मला हळूहळू समजलं. त्यांच्या गावांत दिवाळीला तांदळाच्या पिठाचे, गेरूचे हात भिंतीवर, धान्याच्या कोठीवर उठवतात. त्याला हाथा म्हणतात. हाथा म्हणजे आशीर्वाद, घरात बरकत. कारखान्याच्या लोकांनी इथं चांगल्या रंगानं हाथा काढून वर छप्पर घातलं, तेव्हा सगळ्या रेजांना वाटलं, ही जागा राखणीची आहे, इथं जेवण ठेवलं तर विटाळत नाही, पोराला झोपवलं तर नजर लागत नाही. मग आशीर्वाद देणाऱ्या हातानं आपल्यालाच का शिक्षा केली, हे त्या बाईला दिवसभर उमगत नव्हतं. ती मला, म्हणजे ज्यानं तो हात काढला त्याला, विचारत होती की आता काय वाहिलं म्हणजे त्याचा राग जाईल. नारळ चालेल का?

नारळ नको, तुझी काही चूक नाही, असं काहीतरी म्हणालो, पण तिला ते पटलं नाही. तिला वाटलं मी धीर देतो आहे.

घरी आलो तर बायकोनं दिवा लावला होता. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात एकच तसबीर, तथागतांची, आणि तिच्यासमोर रोज संध्याकाळी एक पणती. मी चप्पल काढता काढता वर पाहिलं आणि तिथंच उभा राहिलो. तसबिरीत उजवा हात उचललेला, तळवा समोर. भिऊ नका, या. लहान पोरालाही समजेल असा. ज्या हातापुढं मी रोज संध्याकाळी डोकं टेकवत होतो, तोच हात मी चुन्याच्या टाकीवर ठोकून आलो होतो आणि त्याचा अर्थ ‘पळा’ असा होईल असं धरून चाललो होतो. कारण काय, तर पुस्तकात तसं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी रंगाचा डबा लाथेनं उडवला. बायको म्हणाली, रंग महाग असतो. मग आम्ही दोघं जमिनीवर सांडलेला रंग खापरीनं भरत बसलो, आणि भरता भरता मी तिला सगळं सांगितलं. हेही सांगितलं की उद्या खरं बोललो तर पक्की जागा गेली. तिनं विचारलं, आणि खोटं बोलले तर? मी म्हटलं, तर ती बाई गेली. तिनं उठून रंगाचे हात धुतले. माझ्या ताटात भात वाढला, नेहमीपेक्षा थोडा जास्त.

सकाळी मी साइटवर गेलो तो हात हलवत. मॅनेजरनं दुरूनच पाहिलं. माझ्याजवळ येऊन दात-ओठ खाऊन विचारलं, बोर्ड कुठं आहे? मी म्हटलं, घरी. पुढं काही बोलायच्या आत इंजिनियर साहेबांची जीप आली. साहेब मद्रासकडचे होते, काळे-सावळे, चष्मेवाले, हिंदी तोडकंमोडकं. त्यांनी टाकी पाहिली, सरकलेली वीट पाहिली, मग बोर्डाकडं वळले. शेंदूर होता, सुकलेलं फूलही होतं. साहेबांनी विचारलं, त्या दिवशी हाच बोर्ड होता का? मॅनेजर म्हणाला, नाही साहेब, कवटीचा होता, पक्का. मजुरांनी तो काढून हा लावला असेल, आमच्या पेंटरला विचारा.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. इतकं भ्यालो होतो की नंतर माझं मलाच हसू आलं. मी म्हणालो:

“साहेब, हाच होता. मीच काढला. चूक त्या बाईची नाही, माझ्या चित्राची आहे.”

साहेबांना पहिल्यांदा ते पटलंच नाही. त्यांनी स्वतःचा पंजा समोर धरून दाखवला, चौकातल्या पोलिसासारखा. हा तर सगळ्या जगात ‘थांबा’ आहे, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, यांच्या गावात चौक नाही आणि पोलीसही नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, यांनाच विचारा. आणि साहेबांच्या कारकुनाला म्हणालो, विचारताना एकेकीला बोलवा, एकीचं ऐकून दुसरी बोलायला नको. कोण जाणे मला ते कसं सुचलं. आयुष्यात शहाणपणाचं एक वाक्य बोललो असेन तर ते.

एकेक रेजा आली. साहेब बोर्डाकडं बोट दाखवायचे आणि विचारायचे, हे काय आहे? पहिली म्हणाली, हाथा. दुसरी म्हणाली, हाथा ए साहेब, असीस देथे. तिसरीनं उत्तर द्यायच्या आधी सवयीनं वाकून नमस्कार केला. अशा सात जणी झाल्या. सात जणींत एकीनंही ‘धोका’ म्हटलं नाही. साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. आठवीला त्यांनी बोलावलंच नाही. कारकुनाला इंग्रजीत काहीतरी लिहायला सांगितलं आणि जाताना मॅनेजरला म्हणाले की बाईचं नाव कामावरून कमी होणार नाही, पाय बरा होईपर्यंत उपचार ठेकेदारानं करायचे, आणि टाकीला आजच्या आज कठडा बांधायचा.

कवटीचं मी साहेबांना सांगितलं नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं, आणि मॅनेजरचीही पोरंबाळं होती. काही लोकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, अर्धंच खरं बोललास. असेल. तो म्हातारा केलेला बोर्ड बायकोनं पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून बरीच वर्षं वापरला.

मॅनेजरनं मला त्याच दिवशी दुपारी काढलं. माझा अर्ज माझ्यासमोर फाडला नाही, एवढा तो सभ्य होता. फक्त परत दिला. त्यानंतरचे चार महिने मी कॅम्पात लोकांच्या लोखंडी पेट्यांवर नावं टाकली आणि सायकलींच्या मडगार्डवर कमळं काढली. थोरली मुलगी त्याच दिवसांत झाली. कधी कधी वाटायचं, कशाले मेलो हरिश्चंद्र बनायले. बायकोला बोलूनही दाखवायचो. ती म्हणायची, सायकलीवरचं कमळ बरं निघालं पण.

मग एके दिवशी इंजिनियर साहेबांचा चपराशी खोली शोधत आला. साहेबांना कामाच्या सगळ्या धोक्याच्या जागांसाठी चित्रं हवी होती. जागा पक्की नव्हती, रोजावर होती. आणि अट एकच: कुठलाही बोर्ड ठोकायच्या आधी तो वाचता न येणाऱ्या पाच जणांना दाखवायचा, आणि पाचही जणांनी तो काय सांगतो ते बरोबर सांगितलं तरच ठोकायचा. साहेब म्हणाले, ही अट तुझ्यापासूनच शिकलो. मी घरी येईपर्यंत तरंगत होतो.

पहिला बोर्ड चुन्याच्या टाक्यांचाच. आता अशा बऱ्याच टाक्या होत्या. मी कवटी आणि हाडं काढली, आणि पाच जणांतली पहिली म्हणून त्याच रेजेकडं घेऊन गेलो. ती कामावर परतली होती. पाय वाचला होता, पण चाल लंगडी झाली होती, काठी लागायची, त्यामुळं तिला बसून रेती चाळायचं काम दिलं होतं. तिनं कवटीकडं पाहिलं आणि म्हणाली, इथं बैगा बसतो का? बैगा म्हणजे त्यांच्या गावचा मांत्रिक, त्याच्याकडं असली हाडं असतात. ताप आला की लोक त्याच्याकडं जातात. झालं, म्हणजे परत या-या म्हणणारंच चित्र. मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्यांदा मी माणूस पडताना काढला. पाय घसरलेला, हात वर. साहेबांच्या पुस्तकात तसंच होतं, पँट-टोपीवाला. ती खो-खो हसायला लागली, शेजारच्या बायाही जमा झाल्या. साहेब पडून राहिला, त्यात आमचं काय, साहेबांना चालताच येत नाही, असं म्हणून त्या एकमेकींना टाळ्या देऊ लागल्या. मला राग आला, मग मीही हसलो. हसता हसता मला कळलं की मी काय काढायला पाहिजे ते माझ्या समोरच बसलं आहे. पण ते असं उचलून काढता येत नाही. मी तिच्यापाशी खाली रेतीत बसलो. म्हटलं, तुझा पाय काढू का? तुला नको असेल तर नाही काढत, दुसरं काही शोधू. तिनं चाळणी बाजूला ठेवली आणि लुगडं पायावर ओढून घेतलं. मग म्हणाली:

“मोर गोड़ ल बना, मुंहू झन बनाबे।”

माझा पाय काढ, तोंड काढू नको. मी कबूल केलं. घरी जाऊन आठ दिवस लावले. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पायात त्यांच्यासारखे पैरपट्टे, म्हणजे जाड पैंजण, पाठमोरी बाई, डोक्यावरचं घमेलं निसटलेलं, आणि एक पाय पांढऱ्यात रुतलेला, आत लाल. एकही रेघ नटवली नाही. हात शिवशिवत होता तरी नाही. बायकोनं पाहिलं आणि पोरीला घेऊन बाहेर गेली.

मी तो बोर्ड रेती चाळायच्या जागी नेला आणि भिंतीला टेकवून वरचं पोतं काढलं. विचारलं काहीच नाही. ती रेजा उठून उभी राहिली, काठीशिवाय, आणि चित्राकडं पाहत पाहत दोन पावलं मागं सरली. शेजारची बाई वाकून जवळून बघायला निघाली होती. हिनं तिचा पदर धरून तिला मागं ओढलं.